मिठाला तोंड लावेना

सोलापुरात घरी पाहुणा उतरला की चहाच्या आधी त्याला नळांची ओळख करून द्यावी लागते. हा नळ उजनीचा, हा बोअरचा. उजनीचं पाणी भीमेवरच्या धरणातून शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून प्रवास करत येतं आणि आमच्याकडे चार-पाच दिवसांतून एकदा दर्शन देतं. ते पिण्याला, चहाला आणि वरणाला. बाकीचा संसार बोअरवर. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावासाठी तळं खोदवलं, तेव्हापासून इथला माणूस पाण्याच्या विषयात तज्ज्ञ आहे. या तज्ज्ञांचा मला जो अनुभव आला तो पुढे येईलच.

बोअरचं पाणी दिसायला स्वच्छ, पण स्वभावाने जड. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं आणि मिळेल तिथे ठेवून जातं: गिझरच्या कॉइलवर, शॉवरच्या भोकांत, बादलीच्या कडेला. सोलापुरी टॉवेल जगात कुठेही मऊ असतो. फक्त सोलापुरात, बोअरच्या पाण्यात धुतला की दोरीवरून काढल्यावर तो भिंतीला टेकवून उभा करता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला म्हटला आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या, असं लिहिलं आहे. आमच्या बोअरने ती दुसरी रेघही ओलांडलेली. साबण फेसाळायच्या ऐवजी फाटायचा.

म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही जुळे सोलापुरातल्या आमच्या रो हाऊसच्या मागच्या बोळात सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशीन, बसवला. एक उंच निळी टाकी, तिच्या डोक्यावर व्हॉल्व्ह, शेजारी मिठाची बुटकी टाकी. उंच टाकीत रेझिन भरलेलं असतं: मधाच्या रंगाचे, राजगिऱ्याएवढे प्लॅस्टिकचे गोल दाणे. या दाण्यांना सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यांच्यातून गेलं की दाणे कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. दाण्यांकडचं सोडियम संपलं की बुटक्या टाकीतलं मिठाचं पाणी त्यांच्यावरून फिरवायचं, की पकडलेलं कॅल्शियम सोडून ते पुन्हा कामाला लागतात. असं कृत्रिम रेझिन इंग्लंडमध्ये 1935 साली ॲडम्स आणि होम्स या दोघांनी शोधलं, आणि त्यांना आधी हा गुण म्हणे ग्रामोफोनच्या तबकडीच्या चुऱ्यात दिसला होता. तबकडीचा चुरा करून तो पाण्यात घालून बघणाऱ्या माणसाच्या घरचे त्याला काय बोलले असतील, याची मला आता पुरेपूर कल्पना आहे.

तर यंदा आमचं रेझिन संपलं. मुठीत धरलं तर निम्म्या दाण्यांचा भुगा झालेला. मेकॅनिकला बोलावलं. भर मे महिन्यात, दुपारी, डोक्याला ओला रुमाल बांधून तो आला, तिथेच मला तो माणूस आवडला. त्याने जुनं रेझिन पोत्यात उपसलं, नवं ओतलं, व्हॉल्व्ह आवळला आणि घाम पुसत म्हणाला, “साहेब, फुल्ल भरलोय बघा. एक दाणा परत नेलो नाही. पोत्यात थोडं उरलं होतं, तेबी घालून टाकलो.”

पैसे न घेता जास्त घातलं म्हटल्यावर कोण नको म्हणेल? आईने त्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली.

पहिल्या दिवशी नळाला फिकट चहाच्या रंगाचं पाणी आलं. नवं रेझिन सुरुवातीला रंग सोडतं, भरपूर पाणी वाहू द्या, असं मेकॅनिक सांगून गेला होता. पण सोलापुरात भर उन्हाळ्यात नळ सोडून पाणी गटारात जाताना बघत उभं राहणं काळजाचं काम आहे. आईने घरातलं प्रत्येक भांडं खाली लावलं. पिंप भरलं, टब भरला, मग पूजेची कळशी आली तेव्हा मी हात जोडले. रंग गेला तसे दाणे आले. बेसिनच्या नळाची जाळी काढली की चिमूटभर मधाळ मोती निघायचे. रेझिन ओतताना टाकीच्या मधल्या, मऊ पाणी घराकडे नेणाऱ्या पाइपाचं तोंड झाकलं नसेल तर त्यात दाणे पडतात आणि तेच आधी घरात येतात. तेही एक-दोन दिवसांत थांबले. आणि मग फेस आला.

तो आठवडा आमच्या घरात सणासारखा गेला. मुलगी बाथरूममधून बाहेर येईना. बायकोने ठेवणीतल्या चादरी काढून धुतल्या. मी दाढीचा ब्रश नुसता गालावर टेकवला तर कापसाचं बोंड उमललं. हे सुख नव्या रेझिनचं होतं. नवं रेझिन कारखान्यातूनच सोडियम लावून येतं, त्यामुळे मशीन धड असो वा नसो, सुरुवातीचे दिवस पाणी मऊच येतं. दुकानदाराने डबा भरून दिलेला असतो. पुढे डबा भरता येतो का, हे डबा संपल्याशिवाय कळत नाही. आमचा संपला. एका सकाळी साबण पुन्हा फाटला.

इथून तज्ज्ञ आले. शेजारचे काका सगळ्यांत आधी, कारण त्यांच्याकडे टीडीएस मीटर आहे, पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा दाखवणारा. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी तो घेतला आणि तेव्हापासून आमच्या लाइनीत कुणाचंही पाणी त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. त्यांनी मीटर आधी बोअरच्या टाकीच्या पाण्यात बुडवला, मग सॉफ्टनरच्या पाण्यात, आणि विजयी मुद्रेने म्हणाले, “बघा. आकडा तोच. तुमचं मशीन बंद हाय. पहिल्या दिवसापासून बंद हाय.”

मी सांगून पाहिलं की सॉफ्टनर पाण्यातलं काही काढून टाकत नाही, अदलाबदल करतो. एक कॅल्शियम घेतो, दोन सोडियम देतो. वजनात बघितलं तर 40 जाऊन 46 येतात. मीटरला यातलं काही कळत नाही, तो फक्त पाण्यातून वीज किती जाते ते बघतो. मशीन ठणठणीत असलं तरी आकडा जवळपास तिथेच राहणार.

“म्हणजे मीटर खोटं बोललालंय व्हय?” काका म्हणाले. पुढे काही बोलणं शहाणपणाचं नव्हतं.

मी कठीणपणा तपासायची थेंबांची बाटली मागवली. नमुन्याच्या पाण्यात आधी एक रंगाची पूड टाकायची, पाणी जड असेल तर ते द्राक्षाच्या वाइनसारखं लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. मी थेंब टाकत होतो, मुलगी मोजत होती, आणि लाल काही निळं होईना. थेंब वाढत गेले तसा तिचा आवाज बारीक होत गेला. पाणी जसं जमिनीतून येत होतं तसंच नळाला येत होतं.

मेकॅनिकला फोन केला. “साहेब, उन्हाळ्यात होतंय तसं. मीठ बदला.”

मीठ बारीक असेल तर तळाशी चिखल होतो, म्हणून जाडं, बिनआयोडीनचं मीठ घ्यायला मी मंगळवार बाजारात गेलो. पंचवीस किलोचं पोतं मागितल्यावर दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं. दिवस कैऱ्यांचे होते. “किती किलोचं लोणचं?” त्याने आदराने विचारलं. लोणचं नाही, पाण्यात घालायचंय म्हटल्यावर तो आदर गेला. गल्ल्यामागून त्याचे वडील हळूच म्हणाले, “आपलं पाणी काय कमी खारं हाय का ओ?”

मीठ ओतायला बायको माझ्याबरोबर बोळात आली आणि झाकण उघडून म्हणाली, “अहो, हे जुनं मीठ संपलंच कुठंय? रेझिन बदलल्यापासून आहे तसं आहे.”

तो सगळ्या प्रकरणातला पहिला अक्कलेचा प्रश्न होता. मशीन दर दोन-तीन दिवसांनी रात्री दोनला घरघर करत होतं, पाणी बाहेर टाकत होतं, सगळा थाटमाट करत होतं. फक्त मिठाला तोंड लावत नव्हतं.

मेकॅनिकने फोनवरच निदान केलं: वरच्या मिठाचं कवच धरलंय, खाली पोकळी झालीय, काठीने ढोसा. मी झाडूच्या दांड्याने तळापर्यंत ढोसलं. मीठ भुसभुशीत होतं. मग तो म्हणाला, मिठाच्या नळीत हवा शिरते, जोडावर साबणाचा फेस लावून बघा. मी फोन कानाला तसाच धरून गप्प राहिलो. आमच्या पाण्याला फेस येत असता तर मी या माणसाला फोन कशाला केला असता?

शेवटी मी यंत्राची रीत समजून घ्यायचं ठरवलं. मिठाचं पाणी ओढायला आत कुठली मोटर नसते. व्हॉल्व्हमध्ये एक बारीक तोंडाची चोच असते. तिच्यातून पाणी जोरात निघालं की बाजूला ओढ तयार होते आणि त्या ओढीने मिठाचं पाणी वर चढतं. पण जोरात निघायचं तर त्या पाण्याला पुढे वाट हवी, आणि ती वाट म्हणजे गटाराकडे जाणारी नळी. पुढे कोंडलं की मागे ओढ संपली.

रात्री उन्हं उतरल्यावर मी बोळात बॅटरी लावून बसलो. व्हॉल्व्हवरची चकती हाताने मिठाचं पाणी ओढायच्या टप्प्यावर फिरवली, मिठाच्या टाकीतली नळी उपसून तिच्या तोंडाला अंगठा लावला. अंगठा आत खेचला जायला हवा होता. उलट नळीने माझ्या अंगठ्यावर पाणी फुरकन् थुंकलं. गटाराच्या नळीकडे पाहिलं, तिथून करंगळीएवढी धार यायला हवी, तिथे थेंब थेंब गळत होतं.

“काय करलालाव ओ रात्रीचं?” कुंपणावरून काका. बॅटरी त्यांच्याकडे दिली, त्यांना तेवढंच हवं होतं.

गटाराच्या नळीचा एल्बो पान्ह्याने सोडवला. आत मध्यभागी भोक असलेली रबराची एक चकती असते, पाणी बेताने जावं म्हणून. ते भोक दिसतच नव्हतं. त्यात, त्याच्या मागे, एल्बोच्या पूर्ण वळणात रेझिन ठासून भरलं होतं, ओलं, चकचकीत. टाचणीने टोकरलं तर एकेक दाणा सुटून बाहेर आला आणि मग एकदम घसरण झाली, फरशीवर सगळीकडे दाणेच दाणे.

हा आग्रहाचा परिणाम होता. टाकीचा वरचा तिसरा हिस्सा तरी रिकामा लागतो, कारण दाणे धुताना पाणी खालून वर येतं आणि ते उसळून वर फुगतात. आमच्या मेकॅनिकने पंगतीत वाढावं तसं काठोकाठ वाढून ठेवलं होतं. त्यांना उसळायला जागा म्हणून फक्त गटाराची वाट उरली होती.

तरी वर एक जाळी असते, निदान ती त्यांना अडवते. टाकी उघडली तर जाळीच नाही. मी बायकोला जाळीचं वर्णन केलं: प्लॅस्टिकची, शंकूसारखी, बारीक फटींची. आई आतून म्हणाली, “ती होय? मेकॅनिक जुन्या पोत्यापाशी टाकून गेला होता. तुळशीला लावलीय. तिच्यावरून पाणी घातलं की माती उडत नाही.” तुळशीची जाळी मी रात्री साडेदहाला, आईच्या नाराजीत, उपटून आणली.

जास्तीचं रेझिन मगाने उपसायला बराच वेळ गेला, कारण ते पाण्यात मगातून निसटतं आणि ओलं झालं की हाताला, केसांना, बॅटरी धरलेल्या काकांच्या बनियनला चिकटतं. अर्धी बादली निघाली. मग जाळी, व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप, आणि पुन्हा मिठाचा टप्पा. या वेळी अंगठा खेचला गेला. मिठाच्या टाकीतल्या पाण्याची पातळी माझ्या पेन्सिलच्या खुणेखाली जाऊ लागली तशी मुलगी टाळ्या वाजवायला लागली आणि आजूबाजूच्या दोन घरांत दिवे लागले.

सकाळी थेंबांच्या चाचणीत पहिल्याच थेंबाला निळं झालं. मेकॅनिकला कळवलं. “मी बोललो होतो की, उन्हाळ्याचं होतंय म्हणून,” तो म्हणाला. “आता पुढच्या वेळी जरा जास्तच घालू.”

एक बारीक कटकट अजून आहे. वीज गेली की मशीनचं घड्याळ थांबतं आणि उन्हाळ्यात आमच्याकडे ती बरेचदा जाते. मग रात्री दोनचं काम सकाळी सातला सुरू होतं, आणि ते चाललं असताना घरात सरळ बोअरचंच पाणी येतं. अंगाला साबण लावून उभा असलेला माणूस आतून ओरडतो, मग मी बोळात जाऊन चकती फिरवतो.

काकांच्या मते मशीन अजून बंदच आहे. आकडा हलला नाही. मात्र काकू रविवारी केस धुवायला आमच्याकडून दोन बादल्या नेतात. बादल्या काकाच उचलतात, आणि कुंपणाशी खाली ठेवून मीटर बुडवल्याशिवाय पुढे जात नाहीत.