पट्टी शून्यापासूनच ठेवावी?

आज दुपारी तिसरीतल्या नातवाची गणिताची वही चाळत असताना एका पानावर लाल शाईची भलीमोठी फुली दिसली आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. गृहपाठ साधाच होता: घरातील पाच वस्तूंची लांबी पट्टीने मोजून लिहा. चिरंजिवांची पट्टी दप्तरात मोडलेली, तिचा सुरुवातीचा तुकडा बेपत्ता. त्याने पेन्सिलीचे एक टोक ३ च्या रेघेवर ठेवले, दुसरे १४ वर आले, आणि वहीत १४ − ३ = ११ सेंमी असे स्वच्छ लिहिले. त्यावर फुली मारून बाईंनी शेरा दिला आहे, ‘पट्टी शून्यापासून ठेवावी.’ मी ती पेन्सिल मागवून स्वतः मोजली. टोक काढून काढून ती साडेदहावर आली आहे, ते सोडा. उत्तर बरोबर होते.

आठ वर्षांच्या मुलाला लांबी म्हणजे काय हे समजले होते आणि आपण त्याला ते चुकीचे असल्याचे सांगितले, याचा मला राग आला आहे.

माझे वडील, अण्णा, शिंपीकाम करीत. तालुक्याच्या गावी आमचे लहानसे दुकान होते आणि त्या दुकानात एकच टेप होती, जिच्या टोकाची पितळी पट्टी माझ्या जन्माच्याही आधी कधीतरी निखळली होती आणि पहिला दीड इंच झिजून त्याची लोकर झाली होती. नवी टेप घेणे अण्णांना उधळपट्टी वाटे. ते म्हणत, ‘दहावर धर आणि शेवटी दहा टाकून दे.’ मी चौथीत असल्यापासून गणवेशाच्या हंगामात मापे घ्यायला उभी राहत असे, आणि शून्य नसलेल्या त्या टेपेने मला जे शिकवले ते पुढे कोणत्याही वर्गात कोणी शिकवले नाही. टेपेवर छापलेला आकडा म्हणजे लांबी नव्हे. लांबी दोन खुणांच्या मधल्या जागेत असते.

हे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात शिकवण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. मुलाला मात्र पट्टीवर ओळीने आकडे दिसतात, तेव्हा तो आकडे नाहीतर रेघा मोजतो. शून्याची रेघ धरून सहा रेघा मोजून पाच सेंटिमीटरच्या खोडरबराला सहा म्हणणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. शिवाय ‘शून्यापासून ठेवावी’ म्हणताना ते शून्य कुठे असते तेही दाखवावे लागते. प्लास्टिकच्या पट्टीची कड एका जागी आणि शून्याची रेघ जराशी आत, तर शिंप्याच्या टेपेचे शून्य अगदी टोकाशीच. सुताराच्या पोलादी टेपेच्या टोकाचा हूक हलतो तो सैल झाला म्हणून नव्हे, तर आतून आणि बाहेरून मोजताना त्याची स्वतःची जाडी हिशेबात धरली जावी म्हणून तो मुद्दाम तसा बसवलेला असतो. मी अशी एक टेप खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडून परत केली होती, हे कबूल करते.

मान्य आहे, चाळीस मुलांच्या वर्गात आधी एक नियम सांगावाच लागतो, आणि प्रत्येक मोडक्या पट्टीचा न्यायनिवाडा करीत बसायला बाईंना वेळ नसतो. पण मग ‘उत्तर बरोबर, आता शून्यापासूनही मोजून पाहा’ असे लिहिण्यात किती शाई जास्त गेली असती?

मी केवळ नातवाचे कौतुक करीत बसले आहे असे कोणाला वाटू नये म्हणून हेही सांगते. याच विद्वानाला मी आज विचारले, आपल्या घराचे दार किती उंच असेल? क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, ‘वीस मीटर.’ म्हणजे सहा-सात मजले. १०० सेंटिमीटर म्हणजे १ मीटर हे त्याने वहीत दहा वेळा लिहिले आहे, पण मीटर केवढा असतो हे कोणी त्याच्यासमोर दोन हात पसरून दाखवलेले नाही.

इथे मला पुन्हा अण्णा आठवतात. जूनमधल्या गर्दीत मी एका मुलाच्या बाहीचे माप घेतले, दहावर धरले, आणि दहा टाकून द्यायला विसरले. वहीत लिहिले, बाही २६ इंच. कात्री लावण्यापूर्वी अण्णांनी वही पाहिली, मला बोलावले आणि न रागावता म्हणाले, ‘अगं, आधी पोरगा बघ, मग आकडा बघ. एवढी बाही पैलवानाला तरी लागते का?’ तो मुलगा माझ्या खांद्यालाही लागत नव्हता.

आधी पोरगा बघायला आपण शिकवतो कुठे? वीत, टीच, हात, पाऊल ही मापे पुस्तकात येतात आणि एका तासात उरकली जातात, जणू ती मागासलेल्या लोकांची गंमत होती. वास्तविक आजीची वीत आणि नातवाची वीत घालून एकच टेबल मोजले की दोन वेगळे आकडे येतात, आणि सर्वांसाठी एकच माप कशाला हवे हा प्रश्न मूल स्वतःच विचारते. मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी आजही आपण कापड मीटरमध्ये आणतो आणि शिवतो इंचांत. डॉक्टरांकडे उंची सेंटिमीटरमध्ये सांगतो आणि स्थळ पाहताना फूट-इंचांत. हा गोंधळ मुलांपासून लपवण्यापेक्षा त्यांच्या हातात दिलेला बरा.

उंचीचे तर विचारूच नका. शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंचीचा रकाना असतो आणि तो पालकांनी घरून भरून पाठवायचा असतो, म्हणजे बहुतेक घरांत अंदाजपंचे. याउलट माझी एक मैत्रीण अंगणवाडीत सेविका होती. तिने मला सांगितले होते की दोन वर्षांखालील बाळाला आडवे निजवून त्याची लांबी मोजतात आणि त्यानंतर उभे करून उंची, आणि त्याच मुलाची उभ्याने उंची सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते. किती सुंदर गोष्ट आहे ही! तिसरीच्या मुलांना ती सांगितली तर वर्गातले प्रत्येक मूल घरी जाऊन जमिनीवर आडवे पडेल.

आमच्याकडे संध्याकाळी तेच झाले. आधी तो आडवा पडला, मग भिंतीला टाचा टेकवून, समोर पाहत उभा राहिला. डोक्यावर वही ठेवली, ती तिरकी होती म्हणून पुन्हा ठेवली, खूण केली. नंतर माझी पाळी. घरातली टेप १५० सेंटिमीटरची, म्हणजे माझ्यापुढे ती तोकडीच. तो स्टुलावर चढलेला, टेप संपलेली, आणि मी मुद्दाम गप्प. थोडा वेळ विचार करून त्याने १५० पाशी पेन्सिलीने बारीक रेघ मारली, टेप उचलली आणि त्या रेघेपासून वर पुन्हा मोजायला घेतली. सात भरले.

वही मिटताना मी बाईंना एक चिठ्ठी लिहायला घेतली होती, जरा तिखटच. दोन ओळी लिहून ती फाडली, कारण बाईंना मी ओळखते आणि दुपारची जनगणनेची नाहीतर मतदारयादीची कामे त्यांच्याच गळ्यात असतात. नातू मात्र टेप गुंडाळून दप्तरात ठेवीत होता. कशाला, म्हणून विचारले, तर म्हणाला, ‘आजी, बाई तुझ्यापेक्षा उंच आहेत. त्यांना टेप पुरणार नाही, तेव्हा मी त्यांना दाखवतो कसं करायचं ते.’