अल्ट्रासाऊंडनं कॅन्सर होत नाही, भाजण्याचा धोका मात्र खरा

कोथरूडमधल्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला: ‘फायब्रॉइडवरच्या नव्या अल्ट्रासाऊंड उपचारात रेडिएशन असतं. कॅन्सर होतो, आतडी भाजतात, पुढे मूल होत नाही. त्यापेक्षा पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ माझ्या धाकट्या जावेच्या गर्भाशयात अशीच फायब्रॉइडची, म्हणजे कॅन्सर नसलेली, गाठ आहे. पाळीत इतकं अंगावरून जातं की तिचं हिमोग्लोबिन आठवर आलंय. तिनं हे वाचलं आणि घेतलेली अपॉइंटमेंट रद्द केली. म्हणून एकेक मुद्दा घेते.

रेडिएशन यात अजिबात नसतं. गरोदरपणी सोनोग्राफीला वापरतात त्याच जातीच्या या ध्वनिलहरी. तिथे त्या सौम्य असतात. इथे पोटाबाहेरून सोडलेल्या लहरी गाठीतल्या एकाच ठिकाणी एकवटतात, काही सेकंदांत तिथलं तापमान ६० अंशांच्या वर जातं आणि तेवढ्या पेशी मरतात. कॅन्सरची खरी काळजी वेगळीच आहे. गाठ आतच राहते, त्यामुळे तपासायला तुकडा मिळत नाही. फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण ३५० बायकांमध्ये एकीला गर्भाशयाचा सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, निघतो, असा अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेचा २०१४ चा अंदाज होता. म्हणून आधी एमआरआय हवाच. पाळी गेल्यावर वाढणारी गाठ असेल, तर हा उपचार नकोच.

‘आतडी भाजतात’ हे मात्र निव्वळ खोटं म्हणता येणार नाही. उष्णतेचं काम आहे, चटका बसू शकतो. ओटीपोटावरचे केस आधी काढतात, कारण केसांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यानंही कातडी भाजते. सिझरचा जुना व्रण उष्णता जास्त शोषतो. लहरींच्या वाटेत आतडं आलं तर मूत्राशय भरून ते बाजूला सारावं लागतं; नाहीच सरलं तर उपचार थांबवायचा. मागच्या नसा तापल्या तर पाय दुखतो, बधिर होतो. म्हणूनच सहसा पूर्ण भूल देत नाहीत. एमआरआयमध्ये पालथं झोपवतात आणि हातात एक बटण देतात. चटका जाणवला की बाईनं ते दाबायचं, लहरी बंद. घरी आल्यावर पोटात वाढत जाणारी कळ किंवा ताप आला तर रात्र काढू नये, लगेच दवाखाना गाठावा.

चीनमधल्या २० रुग्णालयांत २,४११ बायकांची पाहणी झाली, ती २०१८ मध्ये छापून आली. गंभीर त्रास या उपचारानंतर ०.२ टक्के, शस्त्रक्रियेनंतर १२.६ टक्के. कुणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत.

मूल? २००४ मध्ये एफडीएनं मान्यता दिली ती मुलं नको असलेल्यांपुरती. २०१५ मध्ये ती अट सैल झाली. उपचारानंतर गर्भ राहून बाळंतपणं झाली आहेत. हमी मात्र कुणी देऊ नये.

आता ‘पिशवी काढून टाका’. हे वाक्य वाचून माझा संताप झाला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती घालून आणि ‘कटकट मिटेल’ म्हणूनच त्यांतल्या कितीतरी जणींना टेबलावर नेलं होतं. काहींना ते ऑपरेशन खरंच लागतं, आणि ते त्यांनी जरूर करावं. अल्ट्रासाऊंडनंतर गाठ हळूहळू आकसते, पुन्हा वाढूही शकते. अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच भिंतीत वाढतं त्या आजारात, तर कडा स्पष्ट नसतात, त्यामुळे त्रास परतण्याची शक्यता धरून चालावं लागतं. पण हे सगळं आपल्या रिपोर्टवर बोट ठेवून डॉक्टरांशी बोलायचं असतं.

जावेनं गुरुवारची वेळ पुन्हा घेतली आहे. तिची दोन सिझर झालेली आहेत. डायरीत पहिला प्रश्न तिनंच लिहिलाय: ‘माझा टाक्यांचा व्रण लहरींच्या वाटेत येतो का?’