फॉर्मवरचा तो एक 'नाही'

गेल्या आठवड्यात गल्लीतल्या एका पोरानं मोबाईल पुढं केला, म्हणाला दादा बघ की, एक कोटीचा टर्म प्लॅन आणि हप्ता एवढाच, घेऊन टाकू काय? टर्म प्लॅन म्हणजे ठरलेल्या वर्षांत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. मी स्क्रीन बघितली तर वरच्या बाजूला प्रश्न होता, तंबाखू किंवा सिगरेट घेता का, आणि त्यानं 'नाही' वर टिक केलेली, आणि पुडी त्याच्या खिशात. माझ्या पोटात गोळा आला. कारण हाच 'नाही' आमच्या घरात 25 लाखाला पडलाय. म्हणून लिहितोय, लांब झालंय, पण वाचा.

माझा मामा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत होता. 2021 ला, कोरोनानं सगळ्यांच्या मनात भीती बसलेली तेव्हा, ओळखीचाच विमा एजंट घरी आला. फॉर्म इंग्लिशमधला. मामा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, तरी चष्मा लावून एकेक पान उलटून बघत होता, तर एजंट म्हणाला, "मामा, एवढं काय बघूलालाय, सही करा की, बाकीचं मी भरतो." मामानं मराठीत सही केली, चहा झाला, विषय संपला. त्या फॉर्ममध्ये तंबाखूच्या पुढं 'नाही' लिहिलं गेलं. मामाच्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखू वीस वर्षं होती हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, एजंटलाही. 'हो' लिहिलं असतं तर हप्ता वाढला असता, मामा कदाचित नको म्हणाला असता, म्हणून 'नाही'.

19 महिन्यांनी मामा हार्ट अटॅकनं गेला. वय 47. दवाखान्याच्या कागदात डॉक्टरांनी लिहिलेलं की पेशंटला बरीच वर्षं तंबाखू खायची सवय. कंपनीनं तो कागद आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवला आणि क्लेम नाकारला, भरलेले हप्ते तेवढे परत केले. मामी एकच वाक्य परत परत म्हणत होती, "त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं रे." खरंच नव्हतं. त्यांना तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आता कोट, म्हणजे मोबाईलवर दिसणारा हप्त्याचा आकडा, कसा ठरतो ते सांगतो, कारण हे मला त्यानंतर समजून घ्यावं लागलं. आपल्याकडं भिशी सगळ्यांना कळते, तसंच धरा. 30 वर्षांचे एक हजार जण घ्या. विमा कंपन्या देशात जो मृत्युदराचा तक्ता वापरतात, 2012-14 चा, त्यात तीस वर्षाच्या वयाला हजारात साधारण 1 माणूस त्या वर्षात जातो असा आकडा आहे. 40 ला तो 1.7 च्या आसपास, 50 ला 4.4, आणि 60 ला 11 च्या वर. म्हणजे प्रत्येकाला एक कोटी द्यायचं ठरलं तर तीस वर्षाच्या हजार जणांनी वर्षाला दहा-दहा हजार काढले की जाणाऱ्या एकाच्या घरी एक कोटी पोचतात. पन्नाशीच्या हजार जणांना तेच करायला माणशी 44 हजार काढावे लागतील. हप्त्याचा पाया एवढाच आहे. त्यावर कंपनीचा खर्च, कमिशन, नफा चढतो, आणि साठवलेल्या पैशावरचं व्याज आणि मेडिकल करून निवडून घेतलेली माणसं यामुळं तो उतरतोही, म्हणून तरण्या माणसाला दिसणारा कोट या तक्त्यापेक्षा कमी असू शकतो. आणि हप्ता दरवर्षी वाढत नाही, साठीपर्यंत तोच राहतो, कारण तरुणपणी आपण थोडं जास्त भरतो आणि म्हातारपणी कमी पडणारं त्यातनं भरून निघतं. तिशीत घ्या म्हणून सगळे सांगतात त्याच्या मागं हे गणित आहे.

आता यात तंबाखू. तंबाखू खाणारे हजार जण वेगळे बसवले तर त्यातले जास्त जातात, म्हणून त्यांची भिशी वेगळी आणि महाग, साधारण दीडपट, कधी त्याहूनही वर. आणि इथं आपल्या भागातल्या माणसानं नीट ऐकावं. आपण निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात राहतो, 1981 ला भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले ते याच पिकासाठी, कितीतरी घरांची चूल त्यावर चाललीय, त्यामुळं आपल्याला तंबाखू हे व्यसन वाटतच नाही, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं वाटतं. फॉर्मवर मात्र सिगरेट, बिडी, गुटखा, चुना-तंबाखू सगळं एकच. तपकीर पण. आणि बायकांची मिशरी पण! "मी कुठं तंबाखू खाते, मी नुसती मिशरी लावते" असं माझी आत्तीच म्हणाली होती. लघवीच्या तपासणीत निकोटीनचा अंश सापडतो, तिथं खाल्ली का लावली हा फरक राहत नाही.

म्हणून मोबाईलवर दिसणारा कोट हा भाव नव्हेच. तो ठणठणीत, कसलंही व्यसन नसलेल्या माणसाचा अंदाज आहे. खरा भाव फॉर्म आणि मेडिकल झाल्यावर ठरतो. माझंच सांगतो, वय 38, तंबाखू नाही, तरी शुगर काठावर निघाली आणि कंपनीचं पत्र आलं की हप्ता एवढा वाढतोय, मान्य असेल तर सही करा. घरात सगळे म्हणाले दुसऱ्या कंपनीत बघ, शुगरचं सांगू नको. मी सही केली. तो वाढीव हप्ता भरताना मला आजवर एकदाही वाईट वाटलेलं नाही, कारण माझ्याबद्दलचं सगळं खरं कंपनीच्या कागदावर आहे आणि उद्या माझ्या बायकोला कुणी त्यावर प्रश्न विचारू शकत नाही.

कायदा पण सांगतो. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 45. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कुठल्याच कारणावरून पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत खोटी किंवा लपवलेली माहिती सापडली तर क्लेम जाऊ शकतो. मामा 19 व्या महिन्यात गेला. कुणी म्हणेल तीन वर्षं कशीतरी काढायची, पण मरण कुणाला विचारून येतं काय?

आणि भाषेचं. इंग्लिश फॉर्मवर मराठीत सही केली की खाली समजावून सांगणाऱ्याचा एक जबाब असतो, की हा मजकूर मी अर्जदाराला त्याला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगितला. मामाच्या फॉर्मवर त्या ओळीखाली सही होती. समजावलं कुणीच नव्हतं. इथं आपण बोर्डावरच्या अक्षरांसाठी एवढं भांडतो, मग घरच्यांचं भवितव्य ठरवणारा कागद "मराठीत वाचून दाखव, मग सही करतो" एवढं म्हणायला का लाजतो? प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून घ्या. भरलेल्या फॉर्मची कॉपी पॉलिसीबरोबर येते, ती उघडून बघा, पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत नको असेल तर परत करता येते. क्लेम नाकारला आणि कंपनीकडं तक्रार करूनही ऐकलं नाही तर बेंगळूरला विमा लोकपाल आहे, फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जावं लागतं. आम्हाला हे कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

मनीबॅक, एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसी, त्यांच्याबद्दल थोडक्यातच बोलतो. वर्षाला 50 हजार भरून 10 लाखाच्या आसपास कव्हर मिळतं, कारण पैशाचा मोठा भाग बचतीत जातो. बचत वाईट नाही, पण कागदावर परताव्याच्या अंदाजाचे 4 टक्के आणि 8 टक्के असे दोन आकडे दाखवतात तेव्हा एजंट बोट 8 वरच ठेवतो, तुम्ही 4 ची ओळ वाचा. टर्मवर पूर्वी 18 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर तो शून्य झालाय, त्यामुळं जुने कोट धरून बसू नका. आयटी रिटर्न नाही, शिक्षण कमी म्हणून वडगावातल्या मागवाल्यांना नाहीतर आपल्या शेतकऱ्यांना मोठा टर्म मिळत नाही, त्यांच्यासाठी सरल जीवन विमा आहे, 5 ते 25 लाखापर्यंत, शिक्षणाची, धंद्याची अट नाही.

मामाच्या घरी शेवटी काय आलं? बँकेत कधीतरी प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा फॉर्म भरलेला, वर्षाला आधी 330 आणि 2022 पासून 436 रुपये खात्यातनं कटायचे, त्याचे दोन लाख. त्यात मेडिकल नव्हतं, कुणाला 'नाही' लिहावं लागलं नव्हतं. त्यावर मामीनं धाकटीचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष काढलं.

परवा त्या पोराला बसवून फॉर्म परत भरला. 'हो' वर टिक केल्यावर हप्ता झर्रकन वर गेला, त्याचा चेहरा पडला, म्हणाला एक कोटी झेपणार नाही. मग 60 लाखाचा केला. खरा 60 लाखाचा.

कुणाला फॉर्म भरायचा असेल तर रविवारी सकाळी या, मेसेज करून या. मी एजंट नाही, काही विकत नाही. बसून एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवतो.