टॅबलेटवरचा नववा प्रश्न

उत्तर गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत मी समुपदेशनाचं काम करते. सध्या जिथे तिथे 'पेपरलेस'ची चर्चा आहे, आणि मला ते मनापासून हवं आहे. मानसिक आजाराच्या कागदांचं ओझं काय असतं ते पेशंटच्या घरच्यांना विचारा. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातल्या केसपेपरची प्रत, खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मधेच कुणीतरी बदललेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, आधारची झेरॉक्स, सगळं कापडदुकानाच्या एका पिशवीत कोंबलेलं. पावसाळ्यात कदंबा बसमधून उतरून केंद्रात पोचेपर्यंत पिशवी भिजते, आणि नेमकं डोस लिहिलेलं पानच पुसलं जातं. मग आईने नव्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगायचं: तो घर सोडून कधी गेला, कुणावर हात उगारला, कुठे सापडला. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला. हे त्याला दर वेळी ऐकावं लागू नये, एवढ्या एका कारणासाठीही डिजिटल रेकॉर्ड हवं.

पण आमच्या हातात जे येतं, तो बहुतेक वेळा जुना छापील फॉर्मच असतो, फक्त टॅबलेटच्या काचेमागे गेलेला. शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय, सगळ्यांपुढे लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. समोरची बाई रडायला लागलेली असते आणि माझी नजर यादीत 'गृहिणी' शोधत असते. वर कागदी रजिस्टर बंद झालेलंच नाही, कार्यालयीन तपासणीला ते लागतं. एकच नोंद दोनदा करायची, आणि तो वेळ पेशंटच्या वाट्यातून जातो.

म्हणून माझा आग्रह आहे की स्क्रीन आखण्याआधी प्रत्येक प्रश्नाला विचारा: याचं उत्तर कोण वाचणार आणि वाचून काय करणार? कुणीच काही करणार नसेल तर तो प्रश्न काढून टाका.

नैराश्याची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. एखाद्याची बेरीज ६ आली तर कागदावर ते 'सौम्य' ठरतं. पण त्या ६ मधले २ नवव्या प्रश्नाचे असले तर? बेरजेत ते बुडून जातात, आणि कागद गठ्ठ्यात जातो. इथे यंत्र खरोखर कामाला येऊ शकतं. नवव्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं की त्याच क्षणी, पेशंट खोलीत असतानाच, समुपदेशकाला कळलं पाहिजे आणि पुढे कुणाला बोलवायचं त्याचं नावही समोर दिसलं पाहिजे. महिन्याअखेरच्या आलेखात तो लाल ठिपका दिसून काय उपयोग?

गोव्याला हे नवीन नाही. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या 'मानस' चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांमुळे सरकारी आरोग्य केंद्रांतल्या पेशंटना फायदा झाल्याचं त्यात दिसलं. समोर बसून बोलण्यावर ते काम उभं होतं. त्याच बसण्याचा वेळ आता डेटा भरण्यात जातोय, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि गुप्तता! गोवा एवढासा, नोंद करणारा मुलगा पेशंटच्याच वाड्यावरचा निघतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला गुप्ततेचा हक्क दिलाय, आणि स्वतःचं रेकॉर्ड पाहण्याचाही. तेव्हा कुणी काय उघडून पाहिलं याची नोंद राहिली पाहिजे. पुढच्या तारखेचा एसएमएससुद्धा जपून लिहा. घरात फोन एकच असतो, तो सासूच्या हातात असतो. 'मनोविकार ओपीडी' हे शब्द त्यात कशाला? 'आरोग्य केंद्रात या' पुरे. याच कायद्याने पेशंटला उपचारांच्या निर्णयांसाठी स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो. त्याचं नाव पहिल्याच पानावर दिसू दे, रात्री-अपरात्री शोधत बसायला कुणाला सवड नसते.

सत्तरी तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर रेंज नसते, त्यामुळे ॲप नेटशिवाय चाललंच पाहिजे. भाषाही कोकणी, मराठी, हिंदी आणि बांधकामावरच्या मजुरांसाठी कन्नड, एवढ्या तरी हव्यात.

पुढची निविदा काढाल तेव्हा अटी ठरवायला नर्सबाईंना, फाइल शोधणाऱ्या अटेंडंटला आणि पिशवी घेऊन येणाऱ्या एखाद्या आईला बोलवा, त्या दिवसाची तिची मजुरी देऊन. आणि कागदी रजिस्टर कोणत्या तारखेला बंद होणार, ते त्याच निविदेत लिहा.