"दोन लाख टाका, पन्नास एचपी घ्या": बागायतदाराने हा हिशेब पुन्हा मांडावा

मोबाइलवर एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. शब्द बदलतात, मजकूर तोच: "मिनी ट्रॅक्टर म्हणजे खेळणं. दोन लाख जादा टाका आणि सरळ ४५-५० एचपीचा घ्या. मोठं इंजिन आरामात चालतं, म्हणून डिझेल कमी खातं. मिनीची लिफ्ट काही उचलत नाही. फोर व्हील म्हणजे नुसता खर्च. मोठा घेतला तर भाड्यावर हप्ता निघतो."

हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर मोकळं रान आहे: ऊस, गहू, सोयाबीन. तिथे त्याचं बरंचसं खरं आहे. पण हाच मेसेज पाच-सात एकर द्राक्षवाल्याला आणि डाळिंबवाल्याला जातो, आणि तिथे जवळपास प्रत्येक वाक्य उलटं पडतं.

"दोन लाखांत डबल एचपी"

किमतीतला फरक साधारण तेवढाच आहे, हे मान्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. तेव्हापासून "आता तर मोठाच परवडतो" अशी पुस्ती मेसेजला जोडलेली दिसते. मूळ किमती ५ लाख आणि ७ लाख धरून पाहा. आधी फरक २ लाख २४ हजारांचा होता, आता २ लाख १० हजारांचा. म्हणजे दोघांमधलं अंतर कमी झालं अवघं १४ हजारांनी. शिवाय मोठ्या ट्रॅक्टरला सहा फुटी रोटाव्हेटर, जड ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र), मोठे टायर लागतात. तो खर्च मेसेजमध्ये कुठेच नसतो.

पण पैशाआधीचा प्रश्न जागेचा आहे. नाशिककडे द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ फूट अंतर सर्रास असतं. कागदावर नऊ फूट म्हणजे ऐसपैस. प्रत्यक्षात वेल चढवलेल्या 'वाय' आकाराच्या लोखंडी अँगलचे हात दोन्ही बाजूंनी आत येतात, वर मोकळी जागा पाच-साडेपाच फूट उरते, आणि त्यात शेंडे आणि घड लोंबतात. ५० एचपीच्या ट्रॅक्टरची एकूण रुंदीच साडेपाच ते सहा फूट. खालून चाकं जातात, वर मडगार्ड आणि ड्रायव्हरचे खांदे घडांना घासतात. मणी घासले की डाग पडतो, आणि डागाचा घड निर्यातीच्या पेटीत जात नाही. डाळिंबाच्या १४ बाय १० फुटांच्या लागवडीत पहिली दोन वर्षं मोठा ट्रॅक्टर मजेत फिरतो. झाडाचा घेर आठ-नऊ फुटांवर गेला की ओळीत पाच फूट उरतात. म्हणून माप घ्यायचं ते आजच्या झाडाचं नाही, पूर्ण वाढलेल्या झाडाचं.

ओळ संपल्यावर वळायचा प्रश्न वेगळाच. ब्रेक न लावता मोठ्या ट्रॅक्टरची वळणत्रिज्या सव्वातीन मीटरच्या पुढे जाते, मिनीची सव्वादोन-अडीच मीटरच्या आसपास राहते. मागे ओढता ब्लोअर असेल तर आणखी जागा लागते. बांधाकडेला तेवढी जागा नसेल तर दोनदा मागेपुढे करावं लागतं, किंवा शेवटचा अँगल वाकतो.

"मोठं इंजिन आरामात चालतं, डिझेल कमी खातं"

या वाक्यात अर्धं खरं दडलेलं आहे, म्हणून ते इतकं पटतं. हलकं अवजार नुसतं ओढायचं असेल, तर मोठ्या ट्रॅक्टरला वरचा गिअर टाकून आणि रेस कमी करून डिझेल खरंच वाचवता येतं. पण बागेतलं मुख्य काम पीटीओवर चालतं, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर. ब्लोअरला मिनिटाला ५४० फेरे लागतात, आणि साध्या पीटीओत ते इंजिनच्या ठरावीक वेगालाच मिळतात. रेस कमी केली की फेरेही कमी. मग ५० एचपीचं इंजिन पंधरा एचपीच्या कामासाठी पूर्ण वेगाने फिरत राहतं. आतलं घर्षण, पंखा, हायड्रोलिक पंप हे सगळं काम असो-नसो आपला वाटा खातच असतं. इंजिन एक तृतीयांश भारावर चाललं, तर तेवढ्याच कामाला सव्वापट ते दीडपट डिझेल लागू शकतं. ज्या मॉडेलला इकॉनॉमी पीटीओ आहे, म्हणजे कमी इंजिन वेगालाही ५४० फेरे देणारा वेगळा गिअर आहे, तिथे हा तोटा बराच भरून निघतो. मेसेज पाठवणाऱ्याने तेवढं तरी विचारायला हवं होतं.

ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनही आहे. भुसभुशीत रानात चाकं नुसती फिरवायला वजनाच्या साधारण दहा टक्के ओढ लागते. दोन टनांच्या ट्रॅक्टरला २०० किलो, ९०० किलोच्या मिनीला ९०. ताशी चार किलोमीटरला पहिल्याचे तीन एचपी त्यातच जातात, दुसऱ्याचे सव्वा-दीड. आणि मोह ५० एचपीच्याही वर गेला, तर त्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू आहेत. त्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आली, आणि ती दुरुस्त करणं गावातल्या फिटरच्या हातात राहिलं नाही.

याच्या उलट चूकही होते, तीही सांगितली पाहिजे. स्वस्तात म्हणून १५ एचपीचा घ्यायचा आणि त्याला मोठ्या पंख्याचा ब्लोअर जोडायचा. इंजिन दमलं की फेरे ५४० वरून ४८० वर येतात. हवा अकरा टक्क्यांनी घटते, पण हवेमागची ताकद वेगाच्या घनाने बदलते, म्हणून ती तीस टक्क्यांनी पडते. फवारा बाहेर येताना दिसतो, पानाच्या पाठीमागे मात्र औषध पोचत नाही, आणि डाऊनी (केवडा) ही बुरशी तर पानाच्या पाठीवरच वाढते. दोष औषधाला दिला जातो.

म्हणून बोनेटवरचा एचपी नव्हे, पीटीओ एचपी विचारा. तो इंजिनपेक्षा साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी कमी असतो. मॉडेलच्या नावातल्या आकड्यालाही भुलू नका: महिंद्रा जिवो २४५ असो की कुबोटाचा बी २४४१, दोन्ही २४ एचपीचेच. मध्यम पंख्याच्या ब्लोअरला आणि तीन-चार फुटी रोटाव्हेटरला हा वर्ग बरोबर बसतो.

"लिफ्ट काही उचलत नाही"

मिनीची लिफ्ट, म्हणजे अवजार उचलणारे मागचे हायड्रोलिक हात, बहुधा ७५० किलोच्या घरात असते. अडचण तिथे नाही. अडचण अशी की पंप उचलतो आणि पुढची चाकंही उचलली जातात.

हिशेब सोपा आहे. अवजाराचं वजन गुणिले मागच्या ॲक्सलपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, भागिले व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर). जे उत्तर येईल तेवढं वजन पुढच्या चाकांवरून कमी होतं. ६०० लिटरचा उचलता ब्लोअर भरल्यावर ८०० किलो, अंतर १.२ मीटर, व्हीलबेस दीड मीटर: पुढून ६४० किलो गेले. ८५० किलोच्या मिनीच्या पुढच्या चाकांवर मुळात असतात साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे स्टिअरिंग हवेत. २०० लिटरची टाकी धरा, भरल्यावर ३५० किलो: पुढून २८० जातात, उरतात ७०. हेही धोक्याचंच. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान वीस टक्के राहायला हवेत, इथे १७० किलो. म्हणजे १०० किलोची वजनं पुढच्या बंपरवर टांगली तरच हे चालेल.

त्यामुळे मिनीला ओढता ब्लोअर घ्यावा, ६०० लिटरपर्यंत. हजार लिटरचा ओढता भरला की चौदाशे किलोंच्या आसपास जातो, आणि उतारावर तोच ट्रॅक्टरला ढकलतो. चिखलात तर ब्रेक लागूनही गाडी सरकते. विक्रेता "ओढतो की" म्हणेल, आणि ते खोटं नाही. विचारायचं आहे ते थांबतो का.

लिफ्टच्या आकड्यातही गोम आहे. काही माहितीपत्रकांत तो खालच्या हातांच्या टोकाशी मोजलेला असतो, काहींत त्याच्या ६१० मिलिमीटर मागे. मागे मोजला की आकडा कमी येतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी कुठे मोजलं ते पाहा.

"फोर व्हील म्हणजे नुसता खर्च"

कोरड्या सपाट रानात रोटाव्हेटरच मारायचा असेल तर हो. पण ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून (कोवळी फूट निघाल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत रात्री पाऊस झाला, की सकाळी बागेत शिरावंच लागतं. काळी माती ओली, मागे भरलेला ब्लोअर. टू व्हीलचा, म्हणजे फक्त मागच्या चाकांनी ओढणारा, ट्रॅक्टर इथे घसरतो, मग चाकाखाली खड्डा पडतो, मग तिथेच रुततो. पुढची चाकं ओढायला लागली की घसरण आटोक्यात राहते. फवारणी एक दिवस पुढे गेली तर त्या हंगामात काय होतं, हे द्राक्षवाल्याला सांगायला नको.

इथे मोठ्या ट्रॅक्टरवाले म्हणतात, वजन जास्त म्हणून पकड जास्त. खरं आहे. पण तेच वजन त्याच दोन चाकोऱ्यांत हंगामभर फिरतं. रुंद टायरमुळे वरचा दाब कमी वाटतो. खोलवरची माती मात्र ॲक्सलवरच्या एकूण वजनाने घट्ट होते, आणि ती रोटाव्हेटरने मोकळी होत नाही. पांढरी मुळी नेमकी त्या बाजूला वाढत नाही.

फोर व्हीलची एक अट पाळावी लागते. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात. डांबरी रस्त्यावर ती काढून ठेवायची, नाहीतर टायर झिजतात आणि पुढच्या ॲक्सलचे गिअर ताणाखाली राहतात. पुढचे टायर बदलताना मापही बदलायचं नाही. "जरा मोठा बसवू" म्हणून केलेली बचत पुढे गिअरबॉक्सच्या बिलात वसूल होते.

"भाड्यावर हप्ता निघतो"

निघतो, जिथे ट्रॅक्टर कमी आणि रान जास्त आहे तिथे. गावात दर पाच घरांमागे एक मोठा ट्रॅक्टर उभा असेल, तर पेरणीच्या पंधरवड्यात एकही रिकामा नसतो आणि नंतर सगळेच रिकामे असतात. शिवाय स्वतःच्या फवारणीच्या दिवशी ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात असेल, तर तो घेतला कशाला?

मोठा कुठे लागतो तेही आकड्यांत पाहू. भारी काळ्या मातीत पलटी नांगराचा एक फाळ ३० सेंटिमीटर रुंद आणि २५ खोल चालवला, तर सहाशे किलोंच्या आसपास ओढ लागते. ९०० किलोचा मिनी फोर व्हीलवरही साडेचारशे-पाचशेच्या पुढे जात नाही. म्हणजे खोल नांगरट मिनीचं काम नाही. तसंच साखर कारखान्याची ऊस वाहतूकही नाही. ज्याचं निम्मं उत्पन्न उसाच्या वाहतुकीवर आहे त्याने मेसेज ऐकावा. बाकीच्यांनी वर्षातून एकदाची नांगरट एकरी भावाने करून घ्यावी.

ठरवायला बसताना

सगळ्यात अरुंद ओळ पूर्ण पानोऱ्यात मोजा, दोन्ही बाजूंनी एकेक फूट सोडा. उरलं ते ट्रॅक्टरच्या एकूण रुंदीचं माप, मडगार्डसकट. मागची चाकं रिम उलटवून आत-बाहेर होतात, पण विक्रेता रुंदी सांगताना कोणती बसवणी धरतो ते विचारा.

क्लच सिंगल असेल तर दाबताच पीटीओही थांबतो. वळणावर फवारा तुटतो, आणि फिरता पंखा आपल्या वेगाने ट्रॅक्टरला पुढे रेटतो. डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ घ्या. पीटीओ ५४० वर असताना ताशी तीन ते साडेचार किलोमीटर देणारा गिअर आहे का तेही बघा. तो नसेल तर एकतर औषध वाया जाईल, नाहीतर कमी पडेल.

मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. त्या अहवालात पीटीओ एचपी, लिफ्ट आणि वळणत्रिज्या मोजलेली मिळते. माहितीपत्रकाशी ती ताडून पाहा. अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत बिल करू नका. आधीच्या तारखेच्या बिलावर अनुदान मिळत नाही.

आणि डेमो मागाल तो शोरूमच्या अंगणात नको. स्वतःच्या बागेत, ठिबक चालवून भिजवलेल्या ओळीत, टाकी काठोकाठ भरून, आणि उतार असेल तर उताराच्या बाजूने. मध्येच थांबवायला सांगा, मग तिथूनच पुन्हा चालू करायला सांगा.