वस्तीची बोट

गावच्या ग्रुपवर मुंबई-रत्नागिरी-विजयदुर्ग रो-रोवरून, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीवरून, पुन्हा जुंपली आहे. तिकीट परवडायचं नाही, हा पांढरा हत्ती आहे म्हणणारे एकीकडे, महामार्गावर हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा बरं म्हणणारे दुसरीकडे. बोट किती नॉट पळते यावर धाकट्या भावाने तर निबंधच लिहिलाय.

मी राहते ग्रीसमध्ये अमोर्गोसला, एजियन समुद्रातल्या जेमतेम दोन हजार वस्तीच्या बेटावर. इथल्या कट्ट्यावर बोटीच्या वेगाचा विषय निघालेला मला आठवत नाही. भांडणं होतात ती हिवाळ्याच्या वेळापत्रकावरून.

बेटाला बंदरं दोन, कतापोला आणि एयाली. कतापोलाची बोट ‘एक्सप्रेस स्कोपेलीतिस’. नावात एक्सप्रेस, पण इराक्लिया, स्खिनूसा, कुफोनिसी अशी बेटं घेत घेत नाक्सोस या मोठ्या बेटाला जाते. रात्री मुक्कामाला कतापोलात, सकाळी पुन्हा बाहेर. म्हणजे आपली वस्तीची एसटीच. बोट धक्क्याला लागली की साखळ्या खडखडतात, फळी खाली येते आणि पाच मिनिटांत सगळं उरकतं: कांद्याची पोती, ट्रॅक्टरचा टायर, मार्करने नाव लिहिलेलं औषधाचं खोकं, नाक्सोसच्या इस्पितळात निघालेली एखादी आजी. मला अजूनही बोट लागते, आजी मात्र खुशाल विणत बसते.

अशा मार्गाला इथे ‘आगोनी ग्रामी’ म्हणतात, नापीक मार्ग. नफा नाही म्हणून कुणी जाणार नाही, तर सरकार कंत्राट देतं, तोट्याचे पैसे मोजतं आणि फेऱ्या बांधून घेतं. शिवाय २०१८ पासून रहिवाशांना जमिनीपेक्षा समुद्रावर जो जास्त खर्च पडतो, त्याची भरपाई देणारी योजना आहे.

इथे स्वर्ग आहे असं नाही. वारा साधारण ८ बोफोरवर गेला की बंदराचं खातं बोटी बंद करतं. (आपल्याला बोफोर्स म्हटलं की तोफा आठवतात, इथे ते वाऱ्याचं माप.) एका फेब्रुवारीत चार दिवस बोट नव्हती. दुकानातली भाजी संपली आणि अथेन्सहून माझं मुंबईचं विमान माझ्याशिवाय उडालं. मी चरफडले, पण खिडकीवर कुणी हुज्जत घातली नाही. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्सप्रेस समिना’ ही बोट पारोस बेटाजवळ खडकावर आपटून ८० हून अधिक माणसं गेली, ते इथे कुणी विसरलेलं नाही. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला रेवसजवळ ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसांसह.

माझी आजी हर्णैच्या आगबोटीचं सांगायची: बोट खोल पाण्यात उभी, किनाऱ्यावरून मचव्यात बसून जायचं, आणि पावसाळा लागला की नारळी पुनवेपर्यंत सगळं बंद. म्हणून मी ग्रुपवर विचारलं, गणपतीला बोट भरेलच, चाकरमानी छपरावरही बसतील. पण मार्गशीर्षातल्या मंगळवारी सात माणसं असली तर ती सुटणार का? तो तोटा कोण भरणार, आणि किती वर्षांसाठी लिहून देणार? एसटी आडगावाला रिकामी जाते तेव्हा आपण तिला पांढरा हत्ती म्हणत नाही, मग बोटीलाच का?

भावाचं उत्तर आलं: “ताई, आधी जेट्टीपर्यंत एसटी येऊ दे.”

यावर मी काय बोलणार? कतापोलात बसचा थांबा धक्क्यालाच आहे.