फ्रँकेन्स्टाइनच्या खोलीत वीज पडलीच नव्हती

भाचीची टी.वाय.ची परीक्षा तोंडावर आली आहे. तिच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘प्रॉमिथिअसने देवांची वीज चोरून मातीच्या माणसात प्राण घातले, म्हणून त्याला शिक्षा झाली. मेरी शेलीने तीच गोष्ट उचलली. विजेच्या लोळाने जिवंत झालेला राक्षस फ्रँकेन्स्टाइन म्हणजे आपला भस्मासुर. तात्पर्य, विज्ञानाच्या नादी लागू नका.’ तिने हे वहीत उतरवूनही घेतलंय, म्हणून लिहितो.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीत हे राक्षसाला घडवणाऱ्या व्हिक्टरचं आडनाव आहे. घडवलेल्याला कादंबरीभर नावच नाही.

विजेचा लोळ १९३१ च्या चित्रपटातला. १८१८ च्या पुस्तकात नोव्हेंबरची रात्र आहे, एक वाजलेला, काचांवर पाऊस, मेणबत्ती संपत आलेली. एक पिवळट, निस्तेज डोळा उघडतो. बस्स. ‘ठिणगी’ हा शब्द आहे, हे मान्य. व्हिक्टर पंधरा वर्षांचा असताना ओकच्या झाडावर वीज पडते आणि १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखिका गॅल्व्हनिझमचं (विजेने मेलेल्या प्राण्यांचे स्नायू हलवण्याच्या तेव्हाच्या प्रयोगांचं) नाव घेते, हेही मान्य. पण प्राण नेमके कशाने आले, ते व्हिक्टर मुद्दाम सांगत नाही.

ग्रीक पुराणातल्या प्रॉमिथिअसने वीज नाही, आग चोरली. प्राचीन ग्रीक कवी हेसिअड सांगतो की ती त्याने बडीशेपेच्या जातीतल्या एका उंच झाडाच्या पोकळ दांड्यातून आणली. त्या दांड्याचा गाभा आतल्या आत धुमसत राहतो आणि वरची साल शाबूत राहते, म्हणून हाच दांडा. मातीचा माणूस घडवणारा प्रॉमिथिअस हेसिअडमध्ये नाही. तो रोमन कवी ओव्हिडमध्ये भेटतो, सुमारे सातशे वर्षांनी. कादंबरीच्या ‘आधुनिक प्रॉमिथिअस’ या उपशीर्षकात आग आणणारा आणि माणूस घडवणारा असे दोन्ही प्रॉमिथिअस येतात. मजकुरात अर्धसत्य आहे ते एवढंच.

भस्मासुराची गोष्ट शंकराने दिलेल्या वराची आहे, जन्माची नाही. त्याची शंकराबद्दल काही तक्रारही नव्हती. ही तुलना सोडून द्या.

खरं नुकसान करतं ते तात्पर्य. प्रॉमिथिअसला शिक्षा झाली ती माणसांची बाजू घेतल्याबद्दल. देवांचा राजा झ्यूसने आग काढून घेतली, प्रॉमिथिअसने ती परत आणून दिली, मग रोज गरुड यकृत खायला येऊ लागला. व्हिक्टर नेमकं उलटं करतो. डोळा उघडताच तो घाबरून झोपायच्या खोलीत पळतो. घडवलेल्याला कोणी आग देत नाही. रानात भिकाऱ्यांनी मागे सोडलेली आग त्याला सापडते. ऊब लागते म्हणून तो निखाऱ्यांत हात घालतो आणि भाजून घेतो. ओली लाकडं पेट घेत नाहीत, पण आगीजवळ ठेवली की वाळून पेटतात, हे त्याचं तोच शिकतो. भाजल्यावर कंदमुळं आणि कठीण कवचाची फळं चवदार लागतात, बोरांसारखी फळं मात्र बिघडतात, हेही. पुढे तो व्हिक्टरला तोंडावर सांगतो की मी तुझा अ‍ॅडम (बायबलमधला पहिला माणूस) असायला हवा होतो. १८१८ च्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर इंग्रज कवी मिल्टनच्या ओळी छापल्या आहेत, त्यातही अ‍ॅडम निर्मात्याला विचारतो: मला मातीतून घडव, असं मी म्हटलं होतं का? प्रयोग करू नका, असं ही कादंबरी म्हणत नाही. जन्माला घातलेल्याला टाकून गेल्याबद्दल ती जाब विचारते.

उत्तरात संदर्भ देताना आवृत्ती लिहा. निर्मितीची रात्र १८३१ च्या आवृत्तीत प्रकरण ५, आगीचा प्रसंग प्रकरण ११. १८१८ च्या तीन खंडांत तेच अनुक्रमे खंड १, प्रकरण ४ आणि खंड २, प्रकरण ३.